वेताळ टेकडीच्या वाटा: सायकली, कुत्री आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी

पाऊलवाट

टेकडीवर सायकलवाले आणि कुत्री फिरवणारे यांची सध्या रोज कुठे ना कुठे जुंपतेय. दोन्हीकडची माणसं माझ्या ओळखीची आहेत. व्हॉट्सॲपवर एकमेकांचे फोटो टाकून जे चाललंय त्यातून काही हाती लागणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी सायकल चालवते, पक्षी बघते, आणि भावाचा कुत्रा आमच्याकडे असला की त्याला फिरवणारीही मीच.

पुण्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात: वेताळ टेकडी म्हणजे शहराच्या मधोमध उभा राहिलेला डोंगर. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, शहरातली सगळ्यांत उंच जागा. लॉ कॉलेज रस्ता, गोखलेनगर, पाषाण, कोथरूड, सगळीकडून वर यायला वाटा आहेत. काही भाग वनखात्याकडे आहे, भांबुर्डा वनविहार त्यातलाच. माथ्यावर वेताळाचं देऊळ, एका अंगाला जुनी दगडखाण, आणि या सगळ्याच्या मधे कातळावरच्या पातळ मुरमाड मातीत उगवणारं गवत.

भांडण चाललंय ते वाटेवर आधी हक्क कोणाचा, यावर. माझी चिंता वेगळी आहे. या गवतात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत आणि त्यांचा विणीचा हंगाम उन्हाळ्यात सुरू होऊन पावसाळ्यात संपतो. टिटवी उघड्या मुरमावर चार अंडी घालते. खड्यांच्या रंगाची असतात, पायाशी आली तरी दिसत नाहीत. रातवा तर घरटंच करत नाही, पाचोळ्यात किंवा मोकळ्या जमिनीवर दोन अंडी घालून त्यांवर बसून राहतो. तित्तर झुडपाच्या बुडाशी, चंडोल गवताच्या ठोंबाआड. लांडोरही अंडी जमिनीवरच घालते, बहुतेक पावसाळ्यात.

एप्रिल-मेच्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती मुख्यतः सावली धरायला. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. कुत्रा आला की ती उठते, आरडाओरडा करत घिरट्या घालते, आपण म्हणतो "काय ओरडतेय ही". ती हवेत असते तेवढा वेळ अंडी उन्हात असतात, आणि कावळे तिच्या ओरडण्यावरूनच जागा हेरतात. तो कुत्रा जातो, मागून दुसरा येतो. मग सायकल. मग धावणाऱ्यांचा घोळका. कुणीही अंड्यावर पाय दिलेला नसतो आणि तरी त्या घरट्यातून पिल्लू निघत नाही.

माझं म्हणणं असं. रुंद, जुन्या, मळलेल्या वाटा वर्षभर सगळ्यांना खुल्या राहाव्यात. माथ्यावरच्या गवताळ पट्ट्यातून जाणाऱ्या अरुंद वाटांवर मार्च ते ऑगस्ट सायकल नको आणि कुत्राही नको, पट्ट्याला बांधलेलाही नको. बाकी टेकडीवर कुत्रा कायम पट्ट्याला. आणि नव्या वाटा पाडणं आजपासून बंद, कारण एक अरुंद वाट गवताचा एक सलग तुकडा दोन तुकड्यांत कापते आणि दोन्ही काठ पक्ष्यांच्या दृष्टीने निकामी होतात.

कायद्याचंही सांगते, कारण पुष्कळांना माहीत नसतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणं, अंडी किंवा घरटी विस्कटणं हे धरलेलं आहे.

सर्वांनी लिहा. विरोध असेल तर तोही सविस्तर लिहा.

चाकोरी

ताई, मांडणी चांगली आहे, पण सायकलींवर थोडा अन्याय होतोय.

१९९४ मध्ये अमेरिकेत मोंटानाच्या डोंगरवाटांवर झालेला एक अभ्यास आहे. पायी चालणारे, घोडे, मोटारसायकली आणि सायकली यांच्यामुळे वाटेवरची माती किती सुटते ते मोजलं. पायांनी आणि खुरांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी होते, असं त्यात दिसलं. त्यामुळे "सायकलींनी टेकडी खरवडली" हे जे गटांवर फिरतंय ते जसंच्या तसं मान्य नाही. टेकडीवर ओघळ पडलेत ते बहुतेक सरळ उताराच्या वाटांवर, आणि त्या वाटा आमच्या आधीपासून आहेत. लोक वळण टाळून सरळ खाली उतरतात, मग पावसाचं पाणीही तिथूनच उतरतं.

दुसरं, मोटारसायकली. त्या अजूनही वर येतात. त्यांच्याबद्दल कुणी धागा काढत नाही, कारण त्या थांबतच नाहीत. आम्ही थांबतो म्हणून आमच्याशी भांडता येतं.

नव्या वाटा पाडू नयेत हे शंभर टक्के मान्य. पाषाणच्या बाजूला काही पोरांनी उड्या मारायला मातीचे उंचवटे केलेत, त्यांच्याशी मी बोलतोय. पण मार्च ते ऑगस्ट म्हणजे अर्धं वर्ष झालं. त्यातही जून ते ऑगस्ट चिखलात आम्ही तसेही अरुंद वाटांवर जात नाही, निदान शहाणे तरी जात नाहीत. मार्च ते मे हाच तर पहाटेच्या सायकलिंगचा खरा काळ!

शेरूची आई

माझा शेरू नऊ वर्षांचा आहे. मोराच्या मागे धावणं सोडा, मोर समोर आला तर माझ्या मागे लपतो. तरीही मी त्याला पट्टा लावते, कारण समोरच्या माणसाला शेरूचा स्वभाव माहीत नसतो. त्यामुळे पट्ट्याला माझा विरोध नाही.

विरोध "बांधलेला कुत्राही नको" याला आहे. बांधलेल्या कुत्र्याने पक्ष्याचं काय बिघडतं? आणि बांधलेला कुत्रा नको पण हातात स्पीकर घेऊन गाणी वाजवणारा माणूस चालेल, हे कुठलं तर्कशास्त्र?

शिवाय टेकडीवर जी कुत्री खरोखर शिकार करतात ती आमची नाहीत. ती टेकडीवरच राहणारी आहेत. सकाळी लोक पिशव्या भरून बिस्किटं, पोळ्या, दूधभात घेऊन येतात आणि जागोजागी घालतात. दहा घरची माणसं दहा ठिकाणी घालतात, म्हणून टोळ्या झाल्यात. मोराची पिल्लं या टोळ्या पकडतात, माझ्या डोळ्यांसमोर पकडलंय. हे थांबवायचं सोडून पट्टा लावून चालणाऱ्या माणसाला बोलणं सोपं असतं.

आणि एक प्रश्न मनापासून विचारते. पुण्यात कुत्र्याला मोकळं धावता येईल अशी जागा कुठे आहे? सोसायटीत नको, बागेत नको, रस्त्यावर नको. टेकडीवरही नको म्हणाल तर मोठ्या जातीची कुत्री फ्लॅटमध्ये वेडी होतील.

पाऊलवाट

शेरूची आई, बांधलेल्या कुत्र्याबद्दल तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तपासलं गेलंय. सिडनीजवळच्या जंगलात २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. काही वाटांवरून माणूस पट्ट्याला बांधलेला कुत्रा घेऊन गेला, काही वाटांवरून नुसती माणसं गेली, काही वाटा रिकाम्या ठेवल्या. कुत्रा गेला त्या वाटांवर पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी भरली. नुसत्या माणसांमुळेही घट झाली, पण तिच्या दुपटीहून जास्त घट कुत्र्यामुळे. सगळ्यांत जास्त परिणाम जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांवर. आणि जिथे कुत्री नेहमी फिरवली जातात तिथेही पक्षी सरावलेले नव्हते. शेरू कितीही गरीब असला तरी टिटवीला दिसतं ते कुत्र्याचं रूप. हजारो वर्षं तेच रूप तिच्या अंड्यांमागे आहे.

स्पीकरबद्दल पूर्ण सहमत. तो तर टेकडीवर कुठेच नको.

भटक्या कुत्र्यांच्या टोळ्यांबद्दलही सहमत, ते मी मूळ लेखात लिहायला हवं होतं असं वाटणाऱ्यांनी हा प्रतिसाद लेखाचाच भाग समजावा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमण्याची तरतूद आहे. अशा जागा टेकडीच्या पायथ्याशी, वस्तीच्या बाजूला हव्यात, माथ्यावर नकोत.

चाकोरी, मोंटानाचा अभ्यास मातीचा आहे. चाक आणि पाय यांतलं मातीचं गणित तुमच्या बाजूने असेल, मी ते नाकारत नाही. पण सायकलचा मुद्दा वेगाचा आहे. माणूस लांबून दिसतो, पक्षी हळूच घरट्यावरून उतरून चालत बाजूला जातो आणि परत येतो. सायकल वळणावरून अचानक येते, तो थेट उडतो, आणि त्याबरोबर घरट्याची जागा उघडी पडते.

गोखलेनगरकर

मी जनवाडीत वाढलो. आमच्यासाठी टेकडी म्हणजे घराचं मागचं दार. आई अजून वेताळबाबाला अमावास्येला पायी जाते. तिचे गुडघे गेलेत, ऐकू कमी येतं. मागून सायकल आली की तिला कळतच नाही. घंटी वाजवा म्हणता, पण बऱ्याच महागड्या सायकलींना घंटीच नसते. ओरडतात "साइड, साइड". म्हातारी माणसं दचकून नेमकी चुकीच्या बाजूला सरकतात.

चाकोरी दादा, तुम्ही थांबता यावर माझा विश्वास आहे. सगळे थांबत नाहीत.

आता पक्ष्यांचं. वाटा बंद करा म्हणणाऱ्यांना एक विचारतो. पाटी लागली, की पहिल्यांदा अडवणार कोणाला? सायकलवाल्याला नाही, कुत्रेवाल्यालाही नाही. काटक्या गोळा करणाऱ्या आमच्या बायकांना आणि शेळ्या चारणाऱ्या पोराला अडवणार. मी हे लहानपणापासून बघत आलोय. वाट सायकलीला आणि कुत्र्याला बंद करायची असेल तर पाटीवर तसंच ठळक लिहा. "प्रवेश बंद" अशी मोघम पाटी लावाल तर त्याचा त्रास फक्त गरिबाला होईल.

पाऊलवाट

दादा, तुमचं म्हणणं तंतोतंत पटलं. आपल्या सगळ्यांच्या मागण्यांचं पत्र गेलं तर त्यात "पायी जाणाऱ्यांना, चराईला आणि देवळाच्या वाटेला कुठलाही अटकाव नाही" असं वाक्य पहिल्यांदा असेल.

शेळ्यांबद्दल एक गोष्ट. गवताळ माळ हा चरला जाणारा माळ असतो, थोडी चराई त्याला हवीच असते. माझ्या मते टेकडीवरच्या पक्ष्यांचं शेळ्यांनी जेवढं बिघडवलं असेल त्याहून किती तरी जास्त वृक्षारोपणाच्या खड्ड्यांनी बिघडवलंय. गवताला "ओसाड" समजून गिरिपुष्पाच्या, म्हणजे ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या, रांगा लावल्या. त्याच्या दाट सावलीत ना गवत वाढत, ना तित्तर राहत. हा विषय वेगळा आहे, पण वाटांवरून भांडताना जागा मुळात आक्रसत चाललीय हे लक्षात असावं. जेवढा माळ उरलाय त्यातच सगळ्यांना मावायचंय.

पशुवैद्य

एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही, ती म्हणजे रोग.

कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणू रानटी मांसाहारी प्राण्यांना होतो. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरमध्ये २३ सिंह दगावले त्यात या विषाणूचा हात होता. आफ्रिकेत सेरेंगेटीमध्ये १९९४ साली याच रोगाने तिथल्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश गेले. आपल्याकडे टेकड्यांवर सिंह नाहीत, पण माळांवर खोकड आहे, कोल्हा आहे, लांडगा आहे. पुण्यातली बरीच मंडळी हल्ली शनिवार-रविवारी कुत्र्याला गाडीत घालून सासवड, सुपे, इंदापूरकडच्या माळांवर नेतात. कृपा करून हे करू नका. सोलापूरजवळ नान्नजला संशोधक अबी तमीम वनक यांनी खोकडांवर काम केलं आहे. जवळ कुत्रा असला तर समोर ठेवलेल्या अन्नाकडेही खोकड कमी येतं, हे तिथे प्रयोगाने दिसलं. कुत्र्याने अंगावर धावून जायची गरजच नसते.

टेकडीवर येणाऱ्या प्रत्येक पाळीव कुत्र्याला रेबीज आणि सेव्हन-इन-वन किंवा नाईन-इन-वन लस वेळेवर दिलेली असायला हवी. त्यातच डिस्टेंपर आणि पार्व्हो (कुत्र्यांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा रोग) यांच्या लशी येतात. विष्ठा पिशवीत भरून खाली न्या. "माती आहे, मिसळून जाईल" हे चूक आहे. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो.

नेकारकाठ

मी आधी श्टुटगार्टला होते, आता हानोव्हरजवळ राहते. दोन्हीकडचे नियम सांगते, तुमच्या चर्चेला उपयोग होईल.

श्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालवायला बंदी आहे. बारा महिने, खास परवानगी दिलेल्या वाटा सोडून सगळीकडे. कागदावर एकदम स्वच्छ नियम. पण प्रत्यक्षात सायकलवाले त्याला मानत नाहीत, चालणारे त्यांना टेप घेऊन रुंदी दाखवायच्या तयारीत असतात. माझ्या ओळखीत या नियमामुळे दोन बाजूंची मनं जुळलेली मी पाहिली नाहीत. कारण त्या नियमातून "का" हे कळत नाही. एक मीटरची वाट सगळीकडे सारखीच नाजूक नसते.

हानोव्हरच्या बाजूला, म्हणजे नीडरझाक्सनमध्ये, दुसऱ्या तऱ्हेचा नियम आहे. १ एप्रिल ते १५ जुलै हा पिल्लांचा काळ. या काळात मोकळ्या रानात आणि जंगलात कुत्रा पट्ट्याला बांधलेलाच हवा. लहान मुलांनाही माहीत असतं की आता हरणांची पाडसं गवतात आहेत, पक्षी अंड्यांवर आहेत. माझ्या शेजारच्या आजी एरवी कुणाचं ऐकत नाहीत, पण एक एप्रिलला स्वतःहून कुत्र्याला पट्टा लावतात. सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो, कारण ठाऊक असतं, म्हणून लोक निभावतात.

त्यामुळे पाऊलवाट, तुमचा हंगामी नियमाचा विचार मला पटतो. फक्त सहा महिने फार होतात. तीन-साडेतीन महिन्यांचा काळ निवडा आणि तो कडक पाळा.

बोरिवलीकर

आमच्याकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कुत्रा आत नेताच येत नाही, सायकल मात्र ठरलेल्या रस्त्यावर चालवता येते, भाड्यानेही मिळते. शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं जंगल, पण दाराशी चौकी आहे म्हणून हे जमतं. तुमच्या टेकडीला तर चहूबाजूंनी वाटा. चौकी ठेवणार कुठे कुठे?

बिबट्याचंही लक्षात ठेवा. आमच्याकडच्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा फार मोठा आहे. जिथे भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात तिथे आज ना उद्या बिबट्या येतो. पुण्यात एनडीएच्या बाजूला तो आहेच. खाऊ घालणाऱ्यांनी याचा विचार करावा, हे अगदी कळकळीने सांगतो.

चाकोरी

दोन दिवस विचार करून लिहितोय. काल आमच्या गटात हा धागा वाचून दाखवला.

नेकारकाठ ताईंचा मुद्दा आमच्या पोरांना सगळ्यांत जास्त भिडला. मार्च ते ऑगस्ट ऐवजी १५ मार्च ते ३० जून केलं तर माथ्यावरच्या अरुंद वाटा सोडायला आम्ही तयार आहोत. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलाचा नियम आम्ही स्वतःच पाळू: चाकाची खूण रुतायला लागली की मागे फिरायचं.

स्ट्राव्हाबद्दल, म्हणजे सायकलवाले आपल्या फेऱ्या आणि वेळ नोंदवतात त्या ॲपबद्दल, कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. देवळाकडून खाणीकडे येणाऱ्या उतारावर त्यात वेळेची स्पर्धा लावलेली आहे. सगळ्यांत कमी वेळात कोण उतरतो याची यादी. अर्धा वेग त्या यादीसाठी असतो. असा टप्पा "धोकादायक" म्हणून नोंदवता येतो, मग त्याची यादी दिसत नाही. माथ्यावरच्या अशा सगळ्या टप्प्यांची नोंद आम्ही काल रात्री केली. घंट्या बसवायचं ठरलंय. गोखलेनगरकर दादा, आईंना सांगा, की मंदिराच्या वाटेवर आमच्या गटाचं कुणीही सायकलवर बसणार नाही, हातात धरून चालवत नेईल.

एका बाबतीत मात्र गटात एकमत नाही. रात्रीच्या सायकलिंगचं. काहींना ऑफिसमुळे तेवढाच वेळ मिळतो.

पाऊलवाट

चाकोरी, तुमच्या गटाचे मनापासून आभार. १५ मार्च ते ३० जून मला चालेल. लांडोरीची वीण त्यातून थोडी निसटते, पण ती बहुतेक झाडोऱ्यात बसते, माळावर नाही.

रात्रीबद्दल मी ठाम आहे. रातवा संध्याकाळनंतर वाटेवरच बसतो, मोकळ्या जमिनीवरून किडे टिपायला. प्रखर दिव्याच्या झोतात तो दिपतो आणि शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाही. वाटेवर मेलेले रातवे मी उचललेत. माथ्यावर अंधार पडल्यावर चाक नको, वर्षभर नको. इथे तडजोड सुचवणाऱ्यांनी रातव्याला दुसरी कुठली वेळ देता येईल तेही सांगावं.

शेरूची आई

माथा हंगामात सोडायला मी तयार आहे. सिडनीचा प्रयोग वाचून वाईट वाटलं, पण पटलं. शेरूला पायथ्याच्या रुंद वाटेने नेईन.

पण पत्रात माझी मागणी जायलाच हवी: पायथ्याशी पालिकेच्या एखाद्या पडीक जागेला कुंपण घालून कुत्र्यांना मोकळं सोडायची सोय. ती झाली नाही तर लोक पहाटे अंधारात येऊन माथ्यावरच पट्टा सोडतील. मी त्यांना ओळखते, ते वाईट नाहीत, त्यांना जागा नाही. आणि खाऊ घालणाऱ्यांशी मी बोलेन. माझ्याकडे कुत्रा आहे, त्यामुळे माझं ऐकतील. पक्षीवाल्यांनी जाऊ नका, भांडण होईल.

गोखलेनगरकर

पत्राखाली वस्तीतल्या सह्या मी आणतो. मसुदा आधी मला दाखवा. पाट्या मराठीत आणि चित्रासकट हव्यात: सायकलवर काट, कुत्र्यावर काट, माणसावर नाही.

पाऊलवाट

मसुदा उद्यापर्यंत इथेच टाकते. वाटांचा नकाशा चाकोरी देतील. कोणती वाट हंगामात सोडायची तेवढंच त्यावर दाखवायचं. सर्वांना एकच विनंती: घरट्यांच्या जागा, फोटो, जीपीएसचे आकडे इथे किंवा कुठल्याही गटावर टाकू नका. कॅमेरे घेऊन येणारे पाय कुत्र्यांइतकेच त्रासदायक असतात. ज्यांना घरटी माहीत आहेत त्यांनी मला व्यक्तिगत निरोप पाठवावा, म्हणजे कुठली वाट वगळायची ते ठरवता येईल. रात्रीच्या मुद्द्यावर पत्रात दोन्ही मतं जशीच्या तशी लिहीन.